वन्यजीव शिल्पकार व्हायचंय? आयाळ नंतर, आधी फरा

या कामात नव्याने आलेले बहुतेक जण आधी आयाळ नाहीतर पिसं कोरायला घेतात, आणि तिथेच फसतात. प्राणी ओळखू येतो तो हाडांच्या मापांवरून आणि अंगाचा भार कुठल्या पायावर आहे त्यावरून. वाघाच्या खांद्याचा फरा, म्हणजे खांद्याचं चपटं हाड, धडाला सांध्याने नव्हे, स्नायूंनी जोडलेला असतो. म्हणून दबा धरताना दोन्ही फरे पाठीच्या वर येतात. मागच्या पायात उलटा गुडघा वाटतो ती टाच असते, खरा गुडघा वर पोटाशी. हे चुकलं की वाघाचं कातडं पांघरलेला माणूस दिसतो.

फोटो पुरत नाहीत, कारण लांब पल्ल्याच्या लेन्सने खोली चपटी होते. प्राणिसंग्रहालयात एकाच पिंजऱ्यासमोर बसा. प्राणी हलला की शेजारी नवं रेखाटन सुरू करा; येरझाऱ्या घालत तो पुन्हा त्याच ढबीत आला की जुनं पुढे न्या. बारी (1795–1875) हा फ्रेंच शिल्पकार तर पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातल्या मेलेल्या प्राण्यांची मापं घ्यायचा.

पहिलं शिल्प 30 सेंमीच्या आत ठेवा. अॅल्युमिनियमच्या 3 मिमी तारेचे दोन पदर पिळून आर्मेचर (मातीला आतून धरणारा सांगाडा) करा, त्यावर बारीक तार गुंडाळा. गुळगुळीत तारेवरून माती घसरते. धडाला तळपाटातून उभ्या नळीचा आधार हवाच, आणि पोटात थर्माकोल. नुसत्या चार तारांवर भरीव धड दोन दिवसांत वाकतं.

मातीचं शिल्प ब्राँझमध्ये ओतायचं तर सिलिकॉनच्या साच्यातून त्याची मेणाची पोकळ प्रत काढतात; पुढे मेण वितळवून त्याच्या जागी धातू ओततात. तिची जाडी सगळीकडे साधारण 5 मिमी असावी. जाड भाग शेवटी थंड होतो आणि तिथे खड्डे पडतात. फार पातळ कानात किंवा शेपटीत धातू पोहोचतच नाही. शिंगं वेगळी ओतून जोडणं सोयीचं. मूळ मातीकामापेक्षा ब्राँझ दीड-दोन टक्के लहान येतं, तेव्हा मापाबरहुकूम काम असेल तर आधीच तेवढी वाढ धरा.

पैशांचं गणित रुक्ष, पण धंदा बुडतो तो इथेच. ओतकामाचं बिल विक्रीच्या आधी येतं, आणि गॅलरी बहुधा निम्म्याच्या आसपास कापते. म्हणून किंमत ओतखर्चाच्या किमान तिप्पट धरावी. आवृत्ती किती प्रतींची (8 अधिक शिल्पकाराच्या स्वतःच्या 4, ही रूढ पद्धत) ते पहिल्या विक्रीआधीच जाहीर करा, नंतर वाढवता येत नाही. साचा कुणाच्या मालकीचा, हे ओतशाळेकडून लेखी घ्या.