हॅशमॅपमध्ये ठेवलं, पण सापडत नाही

जावातले लूप, क्लास, ऑब्जेक्ट येतात असं धरून चालू. ॲरेबद्दल फार बोलायला नको: लांबी एकदा ठरली की बदलत नाही. किती नोंदी येणार हे आधी माहीत नसेल तर ॲरेलिस्ट घ्या. तिची जागा भरली की ती आतून दीडपट मोठा ॲरे घेते आणि सगळं तिकडे कॉपी करते. म्हणून शेवटी भर घालणं स्वस्त. सुरुवातीला घुसवणं महाग, कारण पुढची प्रत्येक नोंद एक घर सरकवावी लागते. लिंक्डलिस्टच्या मात्र नादी लागू नका. परीक्षेत ती जितकी विचारतात, तितकी कामात लागत नाही.

लिस्ट इंटिजरची असेल तर रिमूव्हला ५ दिल्यावर ५ हा आकडा जात नाही, इंडेक्स ५ वरची नोंद जाते. आकडाच काढायचा तर इंटिजर.व्हॅल्यूऑफ वापरून द्या.

खरी गोची हॅशमॅपच्या कीमध्ये आहे. हॅशमॅप म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्या: पुटने ठेवायच्या, की देऊन गेटने व्हॅल्यू काढायची. समजा विद्यार्थी नावाचा क्लास आहे, त्यात फक्त रोल नंबर. ७ नंबरचा ऑब्जेक्ट की म्हणून पुट केला, व्हॅल्यू ८२ गुण. मग ७ नंबरचाच नवा ऑब्जेक्ट बनवून गेट केलं, तर हातात नल! मॅप बिघडलेला नसतो. तो आधी कीचा हॅशकोड (ऑब्जेक्टवरून काढलेला एक आकडा) घेतो, त्यावरून बकेट म्हणजे नोंदींचा कप्पा ठरवतो (सुरुवातीला १६ असतात) आणि मग तिथल्या नोंदी ताडून पाहतो. तुम्ही हॅशकोड मेथड लिहिली नसेल तर ऑब्जेक्ट नावाच्या मूळ क्लासचा हॅशकोड चालतो, आणि त्याला रोल नंबरशी देणंघेणं नाही.

नुसतं इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे का हे सांगणारी मेथड) लिहूनही भागत नाही. दोन्ही कीज एकाच बकेटमध्ये पडल्या तरी मॅप आधी साठवलेला हॅश ताडतो. तो जुळला नाही तर इक्वल्सला विचारतच नाही. उलट, नुसता हॅशकोड लिहिला तर बकेट सापडते, पण मूळचं इक्वल्स ‘हा तोच ऑब्जेक्ट आहे का’ एवढंच बघतं. दोन्ही लिहा, त्याच फील्डवरून. इक्वल्सचा पॅरामीटर ऑब्जेक्ट टाइपचाच हवा. तिथे विद्यार्थी लिहिलंत तर ती वेगळीच मेथड होते आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. ओव्हरराइडचं ॲनोटेशन लावलंत तर लगेच एरर देतो.

एवढं करूनही पुट झाल्यावर रोल नंबर ७ चा ८ केलात, तर नोंद हरवली. ८ ने शोधा, हॅश जुळत नाही. ७ ने शोधा, इक्वल्स नाही म्हणतं. साइज मात्र १ दाखवते, लूपमध्येही ती दिसते. म्हणून कीचे फील्ड फायनल ठेवा. जावा १६ पासून रेकॉर्ड (फायनल फील्डचे छोटे क्लास) आहेत, ते दोन्ही मेथड स्वतः देतात. ‘आयडीईकडून (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरकडून) जनरेट करून घे, डोकं लावू नकोस’ सांगणारा सिनियर भेटेलच. पहिल्या खेपेला तरी हाताने लिहा.

घाबरू मात्र नका. स्ट्रिंग आणि इंटिजरमध्ये ही सोय आधीच आहे, आणि बहुतेक मॅप त्यांच्यावरच चालतात. ॲरेत ती नाही: आतले आकडे तेच असले तरी दोन ॲरे मॅपला वेगळे. ओळ आणि स्तंभ यांची जोडी की म्हणून हवी असेल तर लिस्ट.ऑफ वापरा.

आणि गेटचं उत्तर थेट इंट व्हेरिएबलमध्ये घेऊ नका. की नसेल तर नलपॉइंटर एक्सेप्शन येतं. मोजणी करताना गेटऑरडिफॉल्टला दुसरा आर्ग्युमेंट ० द्या.