एप्रिलच्या उन्हाआधी गच्चीवरच्या कुंड्या

अकोल्यात मार्च सरता सरता पारा चाळिशीला टेकतो आणि जो तो कुंड्यांना दिवसातून तीनदा पाणी घालायला लागतो. माझं सांगणं असं, की आधी कुंडीला हात लावून बघा. दुपारी तीन वाजता काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीच्या पश्चिमेकडच्या अंगाला तळहात टेकवत नाही. आणि आतली नाजूक पांढरी मुळं नेमकी त्याच कडेला चिकटून वाढलेली असतात. उन्हाळ्यात झाड तहानेनं जातं तसंच मुळं भाजूनही जातं, म्हणून मी सुरुवात पाण्यापासून करत नाही, जागेपासून करते.

कुंड्या फरशीवरून उचलून विटांवर घ्या. जड, मोठ्या कुंड्या पश्चिमेला मांडा, लहान त्यांच्या सावलीत, एकमेकींना खेटून. काळ्या कुंड्यांभोवती गोणपाट गुंडाळा. सावलीची हिरवी नेट पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, पुरे. ती शेंड्यांपासून दोन-तीन फूट वर बांधा, अंगावर टेकली तर वारा कोंडतो. मोगरा मात्र सकाळच्या उन्हातच राहू द्या, सावलीत नुसता पाला माजतो. बहर ओसरला की फुललेल्या फांद्यांचे शेंडे दोन पेरं खाली खुडा. नव्या फुटीवरच कळ्या धरतात, त्यामुळे इथे हात आखडता घेऊ नये.

पाणी सकाळी सातच्या आत. पाइपात अडकलेलं पाणी तापलेलं असू शकतं, ते आधी बादलीत सोडा. बोट दोन पेरं मातीत खुपसा, ओल लागली तर पुढच्या कुंडीकडे जा. जास्वंद दुपारी मान टाकते, पण माती ओली असेल तर हात आवरा, संध्याकाळी ती आपोआप सावरते.

एक गोष्ट नीट बघायला हवी. पाणी ओतलं की लगेच खालच्या भोकातून भळाभळा वाहतं, आणि कुंडी तरी हलकीच. अशा वेळी माती आक्रसून कडेपासून सुटलेली असते, पाणी त्या फटीतून निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. लहान कुंडी टबात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा. मोठी असेल तर फट खुरप्यानं बुजवून थोडं थोडं पाणी दोन-तीनदा मुरवा. मग वर दोन इंच वाळका पाला पसरा, खोडाला न चिकटवता.

कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी कुंड्यांना नको. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. एसीचं पाणी चालतं.

कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड वाढते. पानं फिकट, ठिपकेदार दिसली की उलटी करून बघा, बारीक जाळी दिसेल. पानांच्या खालून सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरी आटोक्यात आली नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब, तेही ऊन उतरल्यावरच.

रासायनिक खत आणि कुंडी बदलणं पावसाळ्यापर्यंत थांबवा. तुळशीच्या मंजिऱ्या तेवढ्या खुडत राहा. कोथिंबीर या उन्हात लवकर फुलावर येते, तिच्या जागी गवार आणि भेंडी टोका. भेंडीचं बी रात्रभर भिजवून घ्या.