चिकटलं म्हणजे जोडलं गेलं असं नाही

मे महिन्यात सोलापुरातून प्रथिनाचा नमुना न्यायचा म्हणजे थर्मासमध्ये बर्फ कोंबायचा आणि पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची. रेणूंचं वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर पुण्यात, त्यावर हाती वेळ चार तास. प्रथिनाला दुसरा रेणू खरंच बसतो का, ते त्यावर बघायचं. चूक केली तर पुढचा नंबर लागेपर्यंत ती उराशी घेऊन बसायचं.

मीठ आणि फॉस्फेट काढून नमुना उडून जाणाऱ्या अमोनियम अ‍ॅसिटेटमध्ये आणायचा, प्रथिनाची घडी मोडणारं फॉर्मिक अ‍ॅसिड दूर ठेवायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मीही तेवढं केलं होतं. लायसोझाइम हे प्रथिन ५ मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एकक) आणि त्याला बसणारी तीन कड्यांची साखर, ट्राय-एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन, तब्बल २०० मायक्रोमोलर. जास्त घातली की जास्त दिसेल, हा माझा शहाणपणा! दिसलंही. ९ धन प्रभार असलेल्या प्रथिनाच्या पीकपुढे (आलेखातल्या शिखरापुढे) साधारण ७०-७०च्या अंतरानं आणखी तीन पीक. यंत्र वस्तुमान भागिले प्रभार दाखवतं; साखरेचं वस्तुमान ६२७, भागिले ९. हिशेब चोख: एक, दोन, तीन साखरी बसलेल्या. परतीच्या गाडीत मी बंधनाच्या तीन जागांचं चित्रही काढून टाकलं. सरांनी पाठ थोपटली.

लॅबमधल्या एका सीनियर ताईनं मात्र एवढंच विचारलं, "उबिक्विटिन घालून बघितलंस का रे?"

पुढच्या खेपेला घातलं. या साखरेशी काडीचाही संबंध नसलेलं ते प्रथिनसुद्धा साखर घेऊन बसलं होतं.

इथे नीट थांबा. इलेक्ट्रोस्प्रेनं यंत्रात फवारलेला नमुन्याचा थेंब वाळत जातो तशी त्यातली साखर दाटत जाते, आणि शेवटी प्रथिनावरच थापली जाते. उजनीचं पाणी आटलं की सगळे मासे एकाच डबक्यात सापडतात, म्हणून ते एका कुळाचे ठरत नाहीत. मी साखर २० मायक्रोमोलरवर आणली, आणखी बारीक थेंब फवारणारी नॅनोस्प्रेची सुई लावली. उरला तो एका प्रथिनाला एकच साखर बसलेल्या जोडीचा पीक. बाकीचे दोन माझ्या हावरेपणाचे. उबिक्विटिनसारख्या संदर्भ प्रथिनाशिवाय काढलेला स्पेक्ट्रम, म्हणजे पीकांचा आलेख, मला आता कुणी दाखवूच नये. आणि बटण दाबून वस्तुमान काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही. ते तिन्ही पीक तितक्याच प्रेमानं छापतं.

उलटंही होतं, खरी जोडी दिसतच नाही, तेव्हा घाबरू नका. पाण्यापासून अंग चोरणाऱ्या भागांच्या जोरावर टिकलेली जोडी यंत्रातल्या निर्वातात सैल पडते. पीक दिसला नाही तर आधी प्रभारित रेणूंना यंत्रात ढकलणारं कोन व्होल्टेज उतरवा, मग रडा. मी उलट्या क्रमानं केलं होतं.