प्लॅस्टिकविना वाणसामान: ठाण्यातल्या बाजारहाटाची तयारी

जांभळी नाक्यावर किराणा घ्यायला सकाळी जा. संध्याकाळच्या गर्दीत दुकानदाराला डबा तोलायला सवड नसते आणि त्याचा हात आपसूक पिशवीकडे जातो. माल काट्यावर चढण्याआधीच डबा पुढे करून सांगायचं, "काका, रिकामा डबा ठेवून काटा शून्य करा, मग भरा." इलेक्ट्रॉनिक काट्याला त्यासाठी वेगळं बटण असतं. तरी घरी प्रत्येक डबा झाकणासकट तोलून तळाला मार्करने वजन लिहून ठेवा, म्हणजे वाद होत नाही. पिशवीत भरलेली डाळ नंतर डब्यात ओतून घेण्यात अर्थ नाही. ती पिशवी तिथेच कचऱ्यात जाते. अर्धा-एक किलोच्या बांधून ठेवलेल्या पुड्याही नकोत, पोत्यातलं मागा.

तांदूळ, तूरडाळ, साखर यांना किलोला साधारण सव्वा लिटर जागा लागते, म्हणून दीड लिटरचा डबा न्यावा. पोहे-कुरमुऱ्यांना हा हिशेब लागू नाही. ते हलके आणि फुगीर, त्यांच्यासाठी मोठी कापडी पिशवीच बरी.

पिशव्या जुन्या धोतराच्या किंवा सुती साडीच्या शिवा. २० × ३० सेंटिमीटरची पिशवी एक किलो डाळीला पुरते, ३० × ४० ची तीन किलो तांदळाला. शिलाई दुहेरी घाला, कापडाच्या कडा आत दडल्या पाहिजेत. उघड्या कडेत रवा, मोहरी अडकते आणि तिथूनच पोरकिडे होतात. पावसाळ्यात कापड ओल धरतं, त्यामुळे घरी आल्यावर त्याच दिवशी माल कोरड्या स्टीलच्या डब्यात काढा.

बाजारात फुकट किंवा पाच-दहा रुपयांत मिळणाऱ्या 'कापडी' पिशव्यांपासून मात्र सावध राहा. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी या सर्रास मिळतात आणि त्यातल्या पुष्कळशा पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात. कडेचा धागा ओढून पाहा. सुती कापडातून उभा-आडवा धागा निघतो. या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीतून नुसता तंतूंचा पुंजका सुटतो.

पिठाची पाकिटं टाळणं सर्वांत सोपं, कारण गिरणी बहुतेक गल्लीत आहे. गहू डब्यात न्या, पीठ त्याच डब्यात आणा, पण झाकण लगेच घट्ट लावू नका. ताजं पीठ गरम असतं. वाफ आत कोंडली की गुठळ्या होतात आणि पीठ लवकर खराब होतं. घरी तासभर वर पातळ कापड टाकून निवू द्या. मसाल्याचंही तेच: धने, हळकुंड, मिरची अख्खी घ्या आणि डंकावर कुटून आणा. अख्ख्या मालातली भेसळ डोळ्यांना दिसते, पुडीतली दिसत नाही.

तेल मात्र सुटं घेऊ नका. अन्नसुरक्षा नियमांनुसार खाद्यतेल सुटं विकायला मनाई आहे. पंधरा किलोचा पत्र्याचा डबा दोन-तीन घरांत वाटून घ्या; उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवायचा, नाहीतर तेल खवट होतं. वाशीच्या दाणाबाजारातून पोतं वाटून घेण्याचा बेत असेल, तर पोतं तागाचं आहे ना, हे आधी पाहा. पांढरी विणलेली पोती प्लॅस्टिकचीच.

पालेभाजी पिशवीविना फ्रिजमध्ये ठेवली की दुसऱ्या दिवशी मान टाकते, आणि बरेच जण इथेच हार मानतात. उपाय सोपा आहे. मेथी-कोथिंबीर निवडून घ्या, धुऊ नका. सुती पंचा भिजवून घट्ट पिळा, त्यात जुडी सैल गुंडाळा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पंचा सुकला की पुन्हा ओला करून पिळायचा. पाणी टपकत असेल तर पानं काळी पडून सडतात, म्हणून पिळण्यात कसूर नको.

मासळीसाठी रबरी रिंग असलेला स्टीलचा डबा, एक किलोला दोन लिटरचा. दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्याकडून घरी यायला अर्ध्या तासाहून जास्त लागणार असेल, तर "मावशी, साफ करून यातच द्या, वर थोडा बर्फ टाका" असं सांगा. वास रिंगेत राहतो. ती प्रत्येक वेळी काढून धुवा आणि हा डबा दुसऱ्या कशालाही वापरू नका.

वडापाव छापील वर्तमानपत्रात घेणं हा पर्याय नाही, तेलाबरोबर शाई खाण्याला लागते. पिशवीत एक पसरट डबा आणि चटणी-सांबारासाठी झाकणाची छोटी वाटी कायम राहू द्या. खारी, टोस्ट, बटर बेकरीतून सुटे मिळतात, त्यांनाही हाच डबा चालतो.

दूध तबेल्याचं असेल तर किटली न्या आणि आणल्या आणल्या उकळा. पिशवीचं घ्यावं लागत असेल तर कोपरा पुरता कापून टाकू नका, चीर देऊन लटकता ठेवा. सुटा झालेला तेवढा तुकडा कुठल्याच भंगारात पोचत नाही. रिकामी पिशवी पाण्याने विसळून उलटी वाळवा आणि साठल्या की रद्दीवाल्याला द्या.