गच्चीवरच्या टोमॅटोचं दुखणं: आधी ओळखा, मग फवारा

‘टोमॅटोला कीड लागलीय, काय फवारू?’ असा फोटोसकट मेसेज आला की मी आधी विचारते, पाणी कधी आणि किती घालता? नाशकात आमच्या गच्चीवर दर हंगामात टोमॅटो असतो, शेजारच्या कुंड्याही बघायला बोलावतात. बऱ्याच तक्रारींमध्ये किडीचा काही संबंध नसतो.

फळाच्या बुडाला पडणारा काळा डागच घ्या. देठाकडून फळ छान रंग धरतंय आणि खाली चामड्यासारखा चपटा काळा चट्टा. हा रोग नव्हे. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की तिथला गर मरतो. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि पाणी मुख्यतः पानं ओढतात. कुंडी आज ठणठणीत कोरडी, उद्या थबथबलेली असली की फळाच्या वाट्याला काही येत नाही. त्यावर अंड्याची टरफलं घालायला सांगतात. जरूर घाला, पण ती मातीत विरघळायला महिनोनमहिने लागतात, आज झाडावर असलेल्या फळांना त्यांचा उपयोग नाही. त्यापेक्षा बोट दोन पेरं मातीत घालून बघा. कोरडं लागलं की पाणी द्या, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. मातीवर वाळक्या पानांचा जाड थर पसरा. एका झाडाला १५-२० लिटरची कुंडी किंवा रंगाची रिकामी बादली हवीच, लहान कुंडी दुपारपर्यंत सुकते. युरिया घालूच नका. नुसता पाला माजतो आणि डाग वाढतात. डागाळलेलं फळ तोडा. काळा भाग कापून बाकीचं भाजीत घालायला हरकत नाही.

फुलं गळतात ती बहुतेकदा उन्हाने. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं किंवा रात्रीही उकाडा राहिला, तर परागकण निकामी होतात. एप्रिल-मेमध्ये खत ओतून काही साधत नाही. आपल्याकडे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये रोप तयार करावं, म्हणजे फुलोरा थंडीत येतो. थंडीतही फळ धरत नसेल आणि गच्ची बंदिस्त असेल, तर सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसामागच्या देठाला बोटाने टिचक्या मारा. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, फक्त ते हलायला हवं. एरवी हे काम वारा आणि भुंगे करतात.

आता पानं आकसण्याबद्दल, कारण इथे फसगत होते आणि चांगली झाडं उपटली जातात. खालची जुनी पानं लांबीत गुंडाळली, जाडसर झाली, पण रंगाने हिरवीगार आहेत? ते ऊन आणि पाण्याच्या ताणामुळे. सोडून द्या. पण शेंड्याची कोवळी पानं बारीक राहून वरच्या बाजूला वाटीसारखी वळली, कडा पिवळ्या पडल्या आणि झाड खुरटलं, तर तो पर्णगुच्छ, म्हणजे विषाणू. त्याला औषध नाही. पान उलटून बघा. हात लागताच पांढरे बारीक ठिपके उडतात, ती पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. असं झाड जीव तुटला तरी उपटायचंच, पिशवीत बांधून टाकायचं, कंपोस्टमध्ये नाही. नव्या रोपांवर पहिला महिना बारीक जाळी घाला. पिवळ्या प्लास्टिकला एरंडेल फासून शेंड्याच्या उंचीवर टांगा, माश्या चिकटतात. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, साबणाचे चार थेंब घालून, संध्याकाळी, पानांच्या खालून. वरून फवारलं तर माशीला लागतच नाही.

आणि तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला हात लावू देऊ नका. तंबाखूतून मोझॅकचा, म्हणजे पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे पाडणाऱ्या रोगाचा, विषाणू झाडाला येऊ शकतो. घरात कुणी खात असेल, तर आधी साबणाने हात धुवायला लावा.

करपा ओळखायला सोपा: खालच्या पानांवर तपकिरी डाग आणि डागात वर्तुळात वर्तुळ. ती पानं काढा, जमिनीपासून वीतभर खोड मोकळं ठेवा, पाणी बुंध्याशीच द्या. फळाला गोल भोक आणि भोवती विष्ठा दिसली, तर आत हिरवी अळी आहे. सकाळी हाताने वेचा, फळ नष्ट करा. टाचणीएवढी भोकं आणि पानांवर पांढुरके फुगीर चट्टे असतील, तर ती टुटा. ही परदेशी अळी २०१४ मध्ये पुण्याच्या भागात पहिल्यांदा सापडली. तिने पोखरलेली पानं दिसतील तेव्हा लगेच तोडा.

फळं तडकतात ती कोरड पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिल्यामुळे किंवा अवकाळी पावसाने. आभाळ भरून आलं की रंग धरू लागलेली फळं मी उतरवून घेते. घरात ती नीट पिकतात. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, चव जाते. मार्चनंतर झाडावरची फळं पिवळट-नारिंगीच राहतात, कारण कडक उन्हात लाल रंग तयार होत नाही. तीही घरात सावलीत ठेवा, दोन-चार दिवसांत बरीच लाल होतात.