जुनी सेस्ना १५० (दोन सीटचं छोटं विमान) घेऊन ओशकॉशच्या विमानमेळ्याला जायचंय?

पहिलं म्हणजे लाजायचं नाही. माझी १५० ही १९६९ची आहे, इंजिन शंभर हॉर्सपॉवरचं, आणि वाटेत सगळे आपल्याला मागे टाकून जाणार हे धरूनच निघायचं. जुलैच्या शेवटी, या मेळ्याच्या आठवड्यात, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ओशकॉश आणि आसपासच्या एअरपोर्टवर मिळून दहा हजारांवर विमानं उतरतात, त्यात आपल्या गाडीची चेष्टा करायला कोणाला वेळ नसतो. उलट निम्मे लोक जवळ येऊन सांगतात की मी यावरच शिकलो.

सगळ्यांना वाटतं की त्या गर्दीत उतरणं हेच अवघड. ते आहेच, पण गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा पोपटात तसा या विमानाचा जीव वजनात असतो, म्हणून आधी कागद पेन्सिल घेऊन बसा. कमाल वजन १६०० पाउंड, माझं विमान रिकामं १०८० च्या आसपास (तुमचा आकडा तुमच्याच वेट अँड बॅलन्सच्या कागदावरून घ्या, शेजाऱ्याच्या नाही), राहिले ५२०. टाकी फुल म्हणजे वापरता येणारं पेट्रोल साडेबावीस गॅलन, त्याचे १३५ पाउंड गेले. मी आणि माझा मेहुणा मिळून ३४०. उरले ४५ पाउंड, आणि त्यात तंबू, झोपायच्या बॅगा, टायडाऊन (विमान जमिनीला बांधायचे खुंट आणि दोर), हातोडी, एक क्वार्ट ऑइल, पाणी. मागे बॅगेजला १२० पाउंडची मर्यादा लिहिलेली असते ती बघून भुलू नका, तेवढं सामान घ्यायचं तर मेहुण्याला घरी ठेवावं लागेल. आम्ही खुर्च्या नेत नाही, स्टोव्ह नेत नाही, चिवड्याचा डबा मात्र जातो.

अ‍ॅन्युअल इन्स्पेक्शन जुलैमध्ये करू नका. हे मी शिकलो ते पोळून. एका वर्षी निघायच्या आठवडाभर आधी विमान शॉपमधून आणलं, आणि पहिल्याच लेगला (टप्प्याला) प्रायमरची (थंड इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या पंपाची) लाइन गळायला लागली, कारण कोणीतरी ती नीट घट्ट केली नव्हती. आता मे महिन्यात करून घेतो आणि मग आठ दहा तास घराच्या आजूबाजूलाच उडवतो, जे काय सैल राहिलं असेल ते तिथेच कळतं. तेव्हाच ट्रान्सपॉन्डरची (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राची) चोवीस महिन्यांची तपासणी, ईएलटीची (अपघात झाला तर सिग्नल देणाऱ्या यंत्राची) बॅटरी, रजिस्ट्रेशनची तारीख आणि स्वतःचा फ्लाइट रिव्ह्यू (पायलटची ठरावीक मुदतीची उजळणी) हेही बघून घ्या. शिकागोजवळून जाणार असाल तर ओहेअर विमानतळाभोवतीच्या तीस मैलांत एडीएस-बी (आपली जागा रेडिओने सांगत राहणारं यंत्र) लागतं, नसेल तर लांबून वळसा घाला.

आता स्पीड. ओशकॉशला व्हीएफआरने (डोळ्यांनी बाहेर बघत उडून) जायचा रस्ता म्हणजे रिपन गावापासून फिस्कपर्यंत रेल्वेचे रूळ धरून एकामागे एक जायचं, पुढच्या विमानापासून अर्धा मैल अंतर, १८०० फूट उंची आणि ९० नॉट (तासाला सागरी मैल) वेग. वेगवान विमानांसाठी २३०० फूट आणि १३५ नॉट, ते आपल्यासाठी नाही. गंमत अशी की जुन्या १५० च्या एअरस्पीड इंडिकेटरवर आकडे ताशी साध्या मैलांत असतात. ९० नॉट म्हणजे १०४ मैल. मैलांच्या काट्यावर ९० ठेवून निवांत चाललात तर प्रत्यक्षात ७८ नॉटने जाताय आणि मागे वीस जणांची वरात खोळंबलीय. मी काट्याच्या काचेवर १०४ ला लाल टेपची बारीक पट्टी चिकटवतो. माझ्या विमानाला त्यासाठी २५०० आरपीएमच्या थोडं वर लागतं, तुम्ही घरी १८०० फुटांवर उडवून तुमचा आकडा काढा, दोन माणसं आणि सामान भरून. आणि फ्लॅपची (पंखामागच्या, उतरताना खाली सोडायच्या पट्ट्यांची) मर्यादा १०० मैल आहे हे विसरू नका, म्हणजे १०४ वर असताना हात फ्लॅपकडे गेला तर चूक, आधी पॉवर कमी, मग फ्लॅप.

एफएए (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) दरवर्षी या आठवड्याची नोटीस काढतं. त्याच वर्षीची प्रिंट करा, मागच्या वर्षीची फाइल उघडू नका, वाटा आणि फ्रिक्वेन्सी बदलतात. नोटीस दोघांनीही वाचायची. उजवीकडे बसणाऱ्याचं काम फोटो काढणं नाही, बाहेर बघणं. माझा मेहुणा पहिल्या वर्षी म्हणाला, "भावोजी, रूळ दिसतायत, पण पुढचं विमान कुठंय?" आणि ते आमच्या खाली, झाडांच्या रंगात मिसळलेलं होतं. तो प्रश्न विचारला म्हणूनच मी त्याला परत नेतो.

फिस्कला कंट्रोलर खाली टेकाडावर बसून दुर्बिणीने बघतात आणि रंगावरून हाक मारतात, लाल हाय विंग (वर पंख असलेलं विमान), पंख हलवा. तुम्ही बोलायचं नाही, नुसतं पंख हलवायचे, पण असे हलवा की गावाला दिसेल. पुढचा फारच हळू असेल तर एस-टर्न (वेळ काढायला नागमोडी वळणं) घ्यायचे नाहीत आणि ओव्हरटेक तर नाहीच, रांग सोडून परत रिपनला यायचं आणि आपल्यासारख्या दुसऱ्या कुणाच्या मागे लागायचं. गर्दी झाली की ग्रीन लेक किंवा रश लेकभोवती फिरवत ठेवतात, आणि पेट्रोलचा प्रश्न इथे येतो. साडेबावीस गॅलन, तासाला साधारण सहा, म्हणजे कागदावर पावणेचार तास, पण मी दोन तासांच्या वर लेग घेत नाही आणि रिपनच्या आधी कुठेतरी उतरून टाकी भरूनच पुढे जातो. तळ्याभोवती कमी पॉवरवर फिरताना जुलैच्या दमट हवेत आपल्या ओ-२०० इंजिनच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, बाहेर ऊन असलं तरी धरतो, तेव्हा कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका) अधूनमधून पूर्ण ओढून बघा.

धावपट्टीवर रंगीत ठिपके असतात आणि टॉवर सांगेल त्या ठिपक्यावर टेकायचं. घरी आठवडाभर याचीच प्रॅक्टिस करा, एका ठरलेल्या खुणेवर उतरायचं आणि शेवटच्या क्षणी मित्राने रेडिओवर पुढची खूण सांगायची, मग थोडी पॉवर देऊन विमान जमिनीलगत पुढे न्यायचं. ४० डिग्री फ्लॅप टाकून ठेवलेत तर ते पुढे जाता जात नाही, म्हणून मी ३० वरच थांबतो. जमत नसेल तर गो अराउंड (न टेकता परत वर जायचं), किंवा त्या दिवशी जवळच्या फाँड डु लॅकला उतरायचं. घरून निघतानाच तिथे उतरायची तयारी ठेवली की डोकं शांत राहतं. दुपारी एअर शोच्या वेळी धावपट्टी बंद असते, त्यामुळे सकाळीच पोचलेलं बरं.

उतरल्यावर खिडकीत कागदी पाटी दाखवायची असते, जाड मार्करने, लांबून दिसेल अशी. ३१ डिसेंबर १९७० पर्यंत बनलेलं विमान व्हिंटेजमध्ये (जुन्या विमानांत) धरतात, तिथे तंबू ठोकून राहायचं असेल तर पाटीवर व्हीएसी, नुसतं पार्किंग असेल तर व्हीएपी. नंतर आलेल्या सेस्ना १५२ वाल्यांना जनरल एव्हिएशनमध्ये जायचंय, जीएसी नाहीतर जीएपी. गवतावरून जाताना योक (विमानाचं स्टिअरिंग) पोटाशी ओढून धरा, पुढचं चाक नाजूक असतं.

टायडाऊन स्वतःचेच लागतात. कुत्रा बांधायचे स्क्रूचे खुंट आणू नका. २०११ साली ३१ मार्चला फ्लोरिडातल्या लेकलंडच्या फ्लाय-इनवर टॉर्नेडो आला आणि डझनावारी विमानं एकमेकांवर जाऊन पडली, नीट बांधलेल्या विमानावर शेजारचं सुटलेलं येऊन आदळतं हे तेव्हा सगळ्यांनी बघितलं. म्हणून शेजाऱ्याच्या गाठीही बघाव्यात, तो नसेल तर आपणच आवळाव्यात. दोर नायलॉनचा, दोन पंख आणि शेपूट, कंट्रोल लॉक आत आणि रडरला (शेपटीवरच्या उभ्या हलत्या फळीला) बाहेरून वेगळं लॉक, त्याला लांब लाल फीत, नाहीतर निघताना तसंच राहील.

निघायचा दिवस सगळ्यात कंटाळवाणा. रांगेत इंजिन चालू ठेवून बराच वेळ थांबावं लागतं, आणि हे इंजिन मुळात ८० ऑक्टेनसाठी बनलेलं, आता मिळणाऱ्या १०० एलएल पेट्रोलमधल्या शिशाने खालचे स्पार्क प्लग भरतात. जमिनीवर मिक्श्चर भरपूर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) करा, इतकं की चुकून पॉवर दिलीत तर इंजिन अडखळलं पाहिजे. रन-अपला (उड्डाणाआधी इंजिन तपासताना) मॅगनेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) फडफडला तर लाजू नका, बाजूला व्हा, १८०० आरपीएमला लीन करून मिनिटभर जाळा, परत तपासा. टेकऑफआधी मिक्श्चर आठवणीने पुन्हा पुढे. मी बॅगेत प्लगचा पाना आणि दोन प्लग ठेवतो, त्या ४५ पाउंडांतच.