तिवर लावायची घाई करू नका

रायगड जिल्ह्यातल्या धरमतर खाडीच्या एका फाट्यावर आमचं गाव आहे. खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारी तिवर, कांदळ, चिप्पी अशी झाडं म्हणजे कांदळवन. पावसाळा जवळ आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "ताई, कांदळवन लावायचंय, रोपं मिळतील का?" मी आधी विचारते, तिथं झाडं का नाहीत? पूर्वी होती का? होती तर कशाने गेली? याचं उत्तर मिळेपर्यंत मी कांदळाची एक शेंगसुद्धा देत नाही. कारण आमची पहिली सहाशे रोपं मी स्वतः मारली आहेत.

आमच्या बचत गटाने तेव्हा ओहोटीला उघडा पडणारा मोकळा चिखल बघितला आणि वाटलं, केवढी जागा रिकामी पडलीय! रांगेत कांदळाच्या शेंगा रोवल्या. दिवाळीपर्यंत बहुतेक कुजल्या. उरलेल्यांवर बारीक कवचं चिकटून त्या ओझ्याने आडव्या झाल्या. वर त्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, सापडायच्या, तो पट्टा आम्हीच तुडवून घट्ट केला. पुढची दोन वर्षं बायका तिथून रिकाम्या टोपल्या घेऊन परत आल्या. चिखल रिकामा नसतो. तिसऱ्या, खुबे, निवट्या, चिंबोरीची पिल्लं आणि हिवाळ्यात येणारे पक्षी, सगळ्यांचं ते ताट आहे.

तेव्हा पहिलं काम पाणी बघण्याचं. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमाराला. खाडीत आत गेलं की थोडा उशीर होतो, तो आपल्या गावापुरता बघून ठेवायचा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, भांगाला दोन्ही कमी.

आता दोन बांबू घ्या, त्यांच्यावर वीत-वीत अंतरावर लाल रंगाच्या खुणा करा. एक बांबू ओहोटीला जवळच्या चांगल्या कांदळवनात, खाडीच्या बाजूच्या शेवटच्या जिवंत झाडाच्या पायाशी रोवा. दुसरा तुमच्या जागेवर. पूर्ण भरतीला दोघींनी एकाच वेळी दोन्हीकडचं पाणी वाचायचं. तुमच्या जागेवर पाणी जास्त खोल असेल तर तिथं झाड जगणार नाही, कितीही रोपं आणा. पाणी उधाणालाही पोचत नसेल, तर ते कुठं अडलंय ते शोधा. हे वाचन एकदा करून भागत नाही. एका उधाणाला आणि एका भांगाला तरी करा, जमलं तर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातही.

आमच्या दुसऱ्या जागेचं दुखणं असंच सापडलं. वस्तीकडे जाणारा रस्ता करताना भराव टाकला होता आणि खालची मोरी प्लॅस्टिक आणि गाळाने बंद झाली होती. आतल्या बाजूला पाणी यायचं कमी आणि आलेलं निघायचं नाही. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात, झाड त्यांतून श्वास घेतं. ती दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली किंवा राडारोड्याखाली गाडली गेली तर उभं झाड गुदमरून वाळतं. कुऱ्हाड लावावी लागत नाही. आम्ही वनखात्याला कळवून, त्यांच्या माणसांसोबत चार रविवार फावड्याने ती मोरी मोकळी केली. एकही रोप लावलं नाही. पुढच्या पावसाळ्यात भरतीने वाहून आणलेलं तिवराचं बी तिथं आपोआप रुजलं. चार काठ्या रोवून एक मीटरचा चौकोन करा आणि पावसाळ्याआधी आणि नंतर त्यातली रोपं मोजा. आकडा वाढत असेल तर हात आखडता घ्या, खाडीचं काम चालू आहे.

फावडं मात्र परवानगीशिवाय मारू नका, मनात कितीही चांगलं असलं तरी.

पाण्याची वाट मोकळी आहे, उंची जमते, पण जवळपास बी देणारं झाडच नाही, अशा ठिकाणी लागवड करायची. खाडीच्या कडेला कांदळ: पानाच्या टोकाला सुईसारखा काटा, खाली आधाराच्या कमानी. पाण्याकडच्या बाजूला पांढरी चिप्पी, गोलसर पानांची. 2020 मध्ये महाराष्ट्राने तिला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. या दोघांच्या आत, जमिनीच्या बाजूला तिवर, पान खालून चंदेरी आणि चाटलं तर खारट. कांदळाची शेंग झाडावरच अंकुरते. शेंग आणि फळ यांच्या सांध्यावर पिवळसर कडं दिसलं की ती पिकली. हलक्या हाताने सुटते, ओढावी लागत नाही. भोक पडलेली, सुकलेली बाजूला काढा. टोकदार बाजू खाली धरून साधारण एक तृतीयांश शेंग चिखलात जाईल एवढीच रोवा. तिवराचं फळ रात्रभर खाडीच्या पाण्यात ठेवलं की साल सुटते, मग पिशवीत खाडीचाच चिखल भरून लावायचं. पिशव्या भरतीचं पाणी लागेल अशाच जागी ठेवा. घरामागे नळाच्या पाण्यावर वाढवलेलं रोप खाडीत नेलं की माना टाकतं.

पहिली दोन वर्षं गुरं आणि शेळ्या आवरा. मुळांत अडकलेली जाळी ओढून काढू नका, कात्रीने कापून काढा. ओढताना मुळंच तुटतात. निर्माल्य खाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीसकट टाकणाऱ्यांना मी आता तोंडावर सांगते, राग आला तरी चालेल.

एक गोष्ट शेतकऱ्यांची बाजू धरून सांगायलाच हवी. आमच्या खारपाटात, म्हणजे खाडीलगतच्या भातजमिनीत, बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या बांधाला) खांड म्हणजे भगदाड पडलं की खारं पाणी भातात शिरतं. आमच्या दीड एकराच्या बांधाची खांड बुजवायला आम्ही एका कार्यालयात तीन वर्षं अर्ज केले. तोवर शेतात तिवर उगवला, आणि आता ती जमीन आमची असूनही झाडाला हात लावता येत नाही. पोटात तुटतं. म्हणून खांड पडल्याबरोबर, त्याच उन्हाळ्यात गाव गोळा करून बांध घाला. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झडप पावसाळ्याआधी तपासा. थोडं खारं पाणी येऊन गेलं असेल तर पनवेल संशोधन केंद्राच्या खारजमिनीसाठीच्या भातजाती आहेत, त्या घ्या. बांधाच्या आत भात, बांधाच्या बाहेर तिवर. बाहेरचा तिवर लाटेचा जोर खातो म्हणून आतली माती टिकते. बाहेरचा तोडलात तर पुढची खांड तुमच्याच शेताला पडेल.

कुणी भराव टाकताना किंवा झाडं तोडताना दिसलं तर वाद घालत बसू नका. तारीख-वेळेसह फोटो, गट नंबर, जवळची खूण एवढं घेऊन तहसीलदार आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष दोघांकडे लेखी द्या, पोच घ्या. अर्जात मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशाचा उल्लेख करा: कांदळवन तोडायला आणि तिथं राडारोडा टाकायला बंदी, भोवतीच्या 50 मीटरमध्ये बांधकामाला बंदी, जमीन कुणाचीही असो. 2018 च्या निकालात न्यायालयाने कांदळवनाचा नाश म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला असं म्हटलं आहे, तेही लिहा.

आणि तिसऱ्यांचं. आमच्या गटात ठरलंय, दोन बोटांपेक्षा लहान तिसरी टोपलीत घालायची नाही, जागेवरच चिखलात ठेवायची. ज्या पट्ट्यात आम्ही शेंगा रोवून नुकसान केलं होतं तिथं गेल्या माघात पुन्हा तिसऱ्या लागल्या. अजून लहान आहेत. आम्ही तिथून अजून एकही उचललेली नाही.